डीएनए-संवेदक : चिकटणे आणि सुटणे

मधुमेही व्यक्तीच्या दंडावर चिकटवलेला ग्लुकोज-संवेदक आता बऱ्याच जणांनी पाहिला आहे. त्याच धर्तीवर शरीरातील वाटेल तो रेणू डीएनएच्या साहाय्याने सतत मोजता येईल, असे लेखांतून व बातम्यांतून सांगितले जाते. ही तुलना मला दिशाभूल करणारी वाटते.

ग्लुकोज-संवेदकातील विकर ग्लुकोजवर क्रिया घडवून लगेच मोकळे होते. डीएनए-संवेदकात अशी क्रिया होतच नाही. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा आखूड धागा बसवलेला असतो. हवा तो रेणू त्याला चिकटला, की धाग्याची घडी बदलते आणि विद्युतप्रवाहात फरक पडतो. पुढच्या मोजणीसाठी तो रेणू सुटायला हवा, आणि अडचण आहे ती इथेच.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित करता येईल. वियोजन स्थिरांक म्हणजे सुटण्याचा वेग-स्थिरांक भागिले चिकटण्याचा वेग-स्थिरांक. दुसरा दर मोलर, दर सेकंद दहा लाख इतका धरू. रक्तात मायक्रोमोलर प्रमाणात असलेल्या औषधासाठी सैल पकड पुरते. रेणू साधारण सेकंदभरात सुटतो. म्हणूनच २०१७ मध्ये केव्हिन प्लॅक्सको यांच्या कॅलिफोर्नियातील गटाला हिंडत्याफिरत्या उंदरांच्या रक्तातील प्रतिजैविके थेट मोजता आली. दाहाची वर्दी देणारी इंटरल्युकिन-६ सारखी प्रथिने मात्र पिकोमोलर प्रमाणात असतात. त्यांच्यासाठी पकड दहा लाखपट घट्ट हवी, आणि मग सुटायला लागतात दहा लाख सेकंद, म्हणजे सुमारे साडेअकरा दिवस! याला सतत मोजणे कसे म्हणावे?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने यावर तोड सुचवली. डीएनए ऋणभारित असल्याने इलेक्ट्रोडवरील विभव भराभर उलटसुलट केला, की धागा हिंदकळतो आणि प्रथिन गळून पडते. पाऱ्याच्या वैद्यकीय तापमापीतील पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही, हे आपण वर्गात शिकवतोच. तसाच हा झटका. कल्पना साधी आहे, आणि गणिताने घातलेला अडसर ती खरोखर दूर करते. घट्ट पकडीचा डीएनए शोधण्यातच दंग असलेल्या आम्हा मंडळींना ती आधी सुचायला हवी होती, हेही कबूल करतो.

पण हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. झटक्याने धरलेले प्रथिन सुटते. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर हळूहळू साचणारी इतर प्रथिने मात्र केवळ झटक्याने जातील, असे मानता येत नाही. त्यांच्यामुळे शून्याची रेघच सरकू लागते. तेव्हा अशा संवेदकाचा आलेख पाहताना तो किती चढला याआधी तो किती खाली उतरला आणि शंभराव्या झटक्यानंतर पुन्हा पहिल्याच रेघेवर आला का, हे पाहावे. या गटाने उपाशी ठेवलेल्या उंदरांत पातळी उतरतानाही दाखवली आहे. माणसाच्या दंडावर आठवडाभर ठेवून काढलेला तसा आलेख पाहण्याची मी वाट पाहत आहे.