एका मानपत्राची परीक्षा : नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी

ता. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक कंपनी शत्रूच्या बळकट मोर्चावर चालून गेली. त्या चढाईंत कामास आलेले नाईक यशवंत घाडगे यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचें मानपत्र ता. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटांत प्रसिद्ध झालें. घाडग्यांविषयींच्या पुढील लेखनाचें मूळ बहुतांशीं हेंच असल्यामुळें, साधन या दृष्टीनें त्याची परीक्षा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

त्यांतील हकीकत थोडक्यांत अशी : घाडग्यांच्या रायफल तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा भडिमार झाला, व नाइकाखेरीज सर्व माणसें ठार वा जखमी झालीं. सोबतीस कोणी उरला नाहीं हें जाणून घाडगे एकटेच धांवले. हातबॉम्बनें त्यांनीं मशीनगन व ती चालविणारा निकामी केला, दुसऱ्यास गोळी घातली. पुन्हां काडतुसें भरण्यास अवधि नव्हता, तेव्हां बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस झोडपून ठार केलें. नंतर छातींत व पाठींत गोळ्या लागून जिंकलेल्या ठाण्यांतच त्यांनीं देह ठेविला. त्यांचें वय २२ वर्षांचें होतें.

या पराक्रमाविषयीं शंकेस जागा नाहीं. आमचा आक्षेप कागदाच्या मौनावर आहे. शत्रूकडील चौघे कसे पडले हें तो एकेक करून सांगतो. स्वपक्षाची आख्खी तुकडी मात्र एका वाक्यांत गुंडाळतो. पुऱ्या भरतीची अशी तुकडी सुमारें दहा जणांची असे. त्यांपैकीं किती मेले, किती जगले, त्यांचीं नांवें व गांवें कोणतीं, यांतील एकाहि प्रश्नास येथें उत्तर नाहीं. जागच्या जागीं मेलेला व जन्माचा पंगु होऊन परतलेला, हे दोघे "ठार वा जखमी" या शब्दांत सारखेच ठरतात.

हा दोष मानपत्र या लेखप्रकाराचाच आहे. तें एकाच्या शौर्यासाठीं लिहिलेलें असतें; इतरांचें मरण त्यांत त्या शौर्याचें निमित्त म्हणून येतें. सेनिओ नदीवर ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं शिपाई नामदेव जाधव यांनीं दोन जखमींस खोल पाण्यांतून व सुरुंगांतून वाहून आणिलें. तेथेंहि वाचविणाऱ्याचें नांव आहे, वाचलेल्यांचें नाहीं.

युद्धसमाधि आयोगाच्या नोंदींत मृतांचीं नांवें पलटण व तारीख यांसह मिळतात. घाडग्यांची समाधि ज्ञात नसल्यानें त्यांचें नांव कासिनोच्या स्मारकावर आहे. परंतु या नोंदींवरून तुकडी कळत नाहीं, आणि जखमींस तर तेथें स्थानच नाहीं.

पेशवेकालीन कागदांत लढाईंत पडलेल्यांच्या मुलांस बालपरवेशी दिल्याच्या नोंदी आढळतात. त्या सरकारी हिशेबासाठीं झालेल्या असल्या, तरी त्यांवरून मृताचें नांव व मागें राहिलेलीं माणसें हातीं लागतात. नाइकाच्या तुकडीचा इतिहास लिहावयाचा तर पेन्शनचे कागद, घरीं आलेलीं पत्रें, मनिऑर्डरीच्या पावत्या हींच त्या जातीचीं साधनें होत. तीं दफ्तरखान्यांपेक्षां कोंकणांतील व देशावरील घरांच्या ट्रंकांत सांपडण्याचा संभव अधिक.

माणगांवीं घाडग्यांचा पुतळा आहे, व तो योग्यच आहे. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, सनदा व तलवारी शोधतांना असा कागद दिसल्यास त्यावरील नांव, गांव, पलटण व तारीख टिपून घ्यावी. घाडग्यांमागें पडलेल्या माणसांपर्यंत पोंचण्याची वाट तीच आहे.