घुमटमाथ्याचा प्राणी आणि कल्पनेची जबाबदारी

लुप्त झालेला प्राणी जनुकविद्येच्या बळावर पुन्हा जन्मास आला आहे असे गृहीत धरून त्याचा परिचय लिहिणे, हा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार होऊ पाहत आहे. उंची, वजन, आहार, स्वभाव असे रकाने भरलेला हा परिचय कोशातील नोंदीचा आव आणतो. परंतु त्याचे मोल आकड्यांच्या विपुलतेवर ठरत नसून, जे अज्ञात आहे त्याला लेखक कसे वागवतो यावर ठरते. या दृष्टीने घुमटमाथ्याच्या डायनासोरांचे उदाहरण उद्बोधक आहे.

उत्तर अमेरिकेतील पॅकिसेफॅलोसॉरसच्या माथ्याचे हाड २० सेंटिमीटरहून अधिक जाड असे. त्यावरून, हे प्राणी एडक्यांप्रमाणे टकरी घेत, असे चित्र रूढ झाले. २००४ साली गुडविन व हॉर्नर या संशोधकांनी हाडाच्या सूक्ष्म रचनेच्या आधारे त्यास हरकत घेतली. २०१३ साली पीटरसन प्रभृतींना सुमारे २२ टक्के घुमटांवर जखमांच्या खुणा आढळल्या, आणि टकरींचा पक्ष पुन्हा बळावला. परिचयकार मात्र ‘स्वभाव : आक्रमक’ एवढे लिहून मोकळा होतो.

याहून मार्मिक प्रश्न नावाचा आहे. १९८३ साली नामकरण झालेला, लांब शिंगांचा स्टिजिमोलॉक २०१८ च्या ‘जुरासिक वर्ल्ड : फॉलन किंगडम’ या चित्रपटात स्वतंत्र जात म्हणून वावरतो. पण ते पॅकिसेफॅलोसॉरसचेच अल्पवयीन रूप असावे, असे मत हॉर्नर व गुडविन यांनी २००९ साली मांडले. ते खरे असेल, तर प्रयोगशाळेत जन्मलेल्या या जिवाची शिंगे वयाबरोबर खुजी होतील, माथा उंचावेल, आणि त्याला दिलेले नाव तो स्वतःच खोटे पाडील. निर्मात्यास निरुत्तर करणाऱ्या या घटनेत केवढे नाट्य आहे! रकान्यांना ते दिसत नाही.

मायकेल क्रायटन यांच्या ‘जुरासिक पार्क’ (१९९०) या कादंबरीचे बळ येथेच आहे. तुटलेले जनुकद्रव्य तेथे बेडकाच्या जनुकांनी सांधले जाते, आणि त्या सांध्यातूनच अनर्थ उद्भवतो. उणीव हेच कथेचे बीज होते.

मराठी लेखकास अशी सामग्री दूर शोधावयास नको. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. गवत खाल्ले गेले, हे ज्ञान. खाणारा महाकाय टायटॅनोसॉर असावा, हा तर्क. या दोहोंमधील रेषा न पुसता जो प्राणी उभा करील, त्याचीच कल्पना सजीव म्हणावी लागेल.

बनशंकरी, बंगळूर