बहात्तर पायऱ्या आणि तीस सेकंदांचं रील

जिममध्ये दोन सेटच्या मधल्या दीड-दोन मिनिटांत बहुतेक जण एकच गोष्ट करतात. फोन काढतात. आणि फोनवर पुष्कळदा दुसऱ्या कुणाचा तरी व्यायाम चालू असतो. अंधाऱ्या खोलीत घामाने निथळणारी पाठ, पावडर लावलेले तळवे, बारखाली थरथरणारे हात, मागे धडधडणारा बेस. घोगऱ्या आवाजात कुणीतरी सांगत असतं, दुनिया झोपलीय तेव्हा तू ऊठ. तीस सेकंदांत रील संपतं. आपण मान वर करतो, तर समोर तोच डंबेल, तोच कंटाळा आणि अजून दोन सेट बाकी.

या प्रकाराला 'मोटिव्हेशन' म्हणतात. पण त्याचं मूळ जिममध्ये नाही, सिनेमाच्या एडिटिंग टेबलावर आहे. अनेक दिवसांचे तुकडे एका गाण्यावर ओवून काही मिनिटांत दाखवायचे, या युक्तीला मोंताज म्हणतात. व्यायामाचा मोंताज जगभर ज्या एका सिनेमामुळे घराघरात गेला, तो म्हणजे 'रॉकी' (१९७६). सिल्वेस्टर स्टॅलोनने स्वतः लिहिलेला, जॉन अॅव्हिल्डसनने दिग्दर्शित केलेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलेला. बिल काँटीचं संगीत चढत जातं, रॉकी एका हातावर पुशअप्स मारतो, बंदराच्या कडेने सुसाट पळतो आणि शेवटी फिलाडेल्फियाच्या आर्ट म्युझियमच्या बहात्तर पायऱ्या चढून, दोन्ही हात उंचावून नाचतो. सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही हे दृश्य माहीत असतं.

गंमत अशी, की या पायऱ्या रॉकी त्याआधीही एकदा चढलेला असतो. ते दृश्य मात्र कुणाच्या स्टेटसवर दिसत नाही.

ती त्याची सरावाची पहिली सकाळ. पहाटे चारचा गजर. बाहेर काळोख आणि हाडं गोठवणारी थंडी. तो फ्रिज उघडतो, पेल्यात एकामागून एक कच्ची अंडी फोडतो आणि घशाखाली ओततो. कॅमेरा घाई करत नाही. मग तो रिकाम्या रस्त्यांवरून जड पायांनी पळतो आणि म्युझियमच्या पायऱ्या कशाबशा चढतो. वर पोचतो तेव्हा बरगडीखाली कळ आलेली असते. नाच नाही, उंचावलेले हात नाहीत. धापा टाकायच्या आणि लंगडत खाली उतरायचं, एवढंच.

मला 'रॉकी'तला खरा व्यायाम या सकाळी दिसतो. दुसऱ्या चढाईत जे उसळतं, ते या पहिल्या चढाईच्या भांडवलावर. पहिली पाहिली नसेल तर दुसरी नुसती जाहिरात वाटते. या दोन चढायांच्या मधे ज्या कितीतरी सारख्याच सकाळी गेल्या असणार, त्या मोंताज गिळून टाकतो. सिनेमाला ते करावंच लागतं, कारण दोन तासांत मुष्टियोद्धा घडवायचा आहे. अडचण तिथे सुरू होते, जिथे आपण त्या तीन मिनिटांच्या मापाने आपली साठ मिनिटं मोजायला लागतो.

कारण मोंताजमध्ये दोन गोष्टी कधीच नसतात. एक, विश्रांती. दुसरी, मोजणी. आणि जिमचा तास तर मुख्यतः यांचाच बनलेला असतो. वजन मारण्यात प्रत्यक्ष जाणारा वेळ थोडा, दोन सेटच्या मधे श्वास जमवण्यात जाणारा जास्त. वाढ होते तीही आकड्यांतच. मागच्या आठवड्यात आठ रेप्स झाले, या आठवड्यात त्याच वजनाने नऊ. हे कॅमेऱ्यात पकडता येत नाही. नववा रेप दिसायला आठव्यासारखाच असतो. तो फरक फक्त मोजणाऱ्याला कळतो.

म्हणून ही रील्स निव्वळ निरुपयोगी आहेत असं म्हणून भागत नाही. ती एक चुकीची अपेक्षा शिकवतात : व्यायाम करताना काहीतरी *वाटलं* पाहिजे. आग, राग, जिद्द. ते वाटलं नाही की एखादी मुलगी किंवा मुलगा समजतो, आपल्यातच खोट आहे, आपण आळशी आहोत. जानेवारीत ट्रेडमिलसाठी लागलेली रांग उन्हाळ्यापर्यंत विरते, त्यातले कितीतरी जण व्यायामाला कंटाळलेले नसतात. आपल्याला कंटाळा येतो याचीच त्यांना लाज वाटलेली असते.

संगीताबद्दल तक्रार नाही. लयीमुळे श्रम कमी जाणवतात, हा अनुभव दळण दळणाऱ्या बायकांपासून वल्हं मारणाऱ्या कोळ्यांपर्यंत सगळ्यांचा आहे. पण तिथे गाणं कामाच्या लयीने चालतं. रीलमध्ये कामाचेच तुकडे करून ते गाण्याच्या मापाला बसवलेले असतात.

'दंगल' (२०१६) या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. नितेश तिवारीच्या या सिनेमात सरावाचं पहिलं मोठं गाणं म्हणजे चक्क तक्रार आहे. पहाटे उठवणाऱ्या, पाणीपुरी तोडणाऱ्या, केस कापायला लावणाऱ्या बापाविरुद्ध दोन पोरींचं गाऱ्हाणं. हिंदी सिनेमात व्यायामाचा वैताग इतक्या मोकळेपणाने क्वचितच आला असेल. आणि मुलींचं मन पालटतं ते कुठल्याही भाषणाने नाही. लग्नाला उभी केलेली त्यांच्याच वयाची मैत्रीण त्यांना सांगते, तुमचा बाप निदान तुम्हाला कुणीतरी समजतो. कारण मिळालं ते आखाड्याबाहेर, दुसऱ्या मुलीच्या आयुष्याकडे बघून. बापाच्या सक्तीला सिनेमा नंतर फार सहज माफ करतो, ही त्याची पडती बाजू. पण प्रेरणा ही व्यायामाच्या क्षणी ढवळून काढायची गोष्ट नाही, ती आधीच घरून घेऊन यायची असते, एवढं त्याला नेमकं कळलं आहे.

मग प्रत्यक्ष त्या क्षणी लक्ष कशावर ठेवायचं? याचं जुनं उत्तर आपल्याकडे तालमीत होतं. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीचं नाव निघालं की आपण लाल माती, खुराक, वस्तादांचा दरारा यांवर बोलतो. जोर-बैठकांच्या आकड्यावर बोलत नाही. अमुक इतके जोर, तमुक इतक्या बैठका, आणि उद्या पुन्हा तेवढेच. सामूहिक सूर्यनमस्कारांतही आकडा मोठ्याने घेतात. आकडा मनाला एक काम देतो. मोजणाऱ्या मनाला भटकायला फारशी जागा उरत नाही, आणि भटकलं तरी परत कुठे यायचं ते ठाऊक असतं. तालमीचं गुणगान करताना दोन गोष्टी विसरू नयेत : तिथे धाक होता आणि मुलींना जागा नव्हती. पण मोजणी आपल्याला घेता येते, धाक मागे ठेवून.

पुन्हा 'रॉकी'कडे. लढतीच्या आदल्या रात्री तो रिकाम्या स्टेडियममधून घरी येतो आणि एड्रियनला सांगतो की आपण जिंकू शकत नाही. त्याला फक्त शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहायचं आहे. पंधरा फेऱ्या. बस्स. एवढा गाजलेला प्रेरणादायी सिनेमा, आणि त्याच्या नायकाने मागितलेला आहे एक आकडा. तो हरतोसुद्धा. निकाल जाहीर होत असताना तो ऐकतही नसतो, गर्दीत एड्रियनला हाका मारत असतो. चौथ्या भागापर्यंत (१९८५) हे सगळं निसटलं. तिथे बर्फात लाकडं फोडणारा रॉकी आहे, यंत्रांना जोडलेला ड्रॅगो आहे, मोंताजमागून मोंताज आहेत, आणि बरगडीखाली कळ आलेली ती पहिली सकाळ कुठेच नाही. आजची रील्स या चौथ्या भागाची मुलं आहेत.

पहिला भाग जमल्यास पूर्ण बघा, फॉरवर्ड न करता. आणि जिममध्ये दोन सेटच्या मधे फोन काढलाच, तर त्यावर आजचं वजन आणि आजचे रेप्स लिहून ठेवा. त्या नोंदीला कुणी लाइक देणार नाही. पुढच्या आठवड्यात त्याच बारखाली उभे राहाल, तेव्हा किती मोजायचं ते मात्र तिथे लिहिलेलं असेल.