प्रेरणा कुणाची, भिंत कुणाची?

चित्रकाराला प्रेरणा कुठून मिळते असं विचारलं की मराठी कलासमीक्षक एकदम हळवे होतात. निसर्ग, अंतर्मन, रेषेची लय, रंगांची अनुभूती. हे शब्द वाचून वाचून वीट आला. मी कुठल्या आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात पाळी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मिळतील ती चित्रं बघतो. तेव्हा याला काय कळतंय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझे प्रश्न दोनच आहेत. चित्र काढणारा कुठं उभा राहून बघतो? आणि चित्र पुरं झाल्यावर ते कुठल्या भिंतीवर जातं? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला मी प्रेरणा म्हणतो. दुसरा प्रश्न टाळून नुसतं पहिल्यावर बोलत राहणं ही लबाडी आहे.

दलित साहित्यानं भांडून स्वतःचं सौंदर्यशास्त्र उभं केलं. शरद पाटलांचं 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' 1988 साली आलं, शरणकुमार लिंबाळे यांचं 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' 1996 साली. कवितेच्या एका ओळीवरून आपण रात्रभर भांडतो. चित्र समोर आलं की मात्र 'भारी आहे' म्हणून पुढं सरकतो. हे बरं नाही मित्रांनो. आज महाराष्ट्रात चित्रं काढणारी आपल्या बाजूची माणसं आहेत. त्यांच्याशी भांडायला आपणच नसू, तर त्यांच्यावर लिहिणार कोण? पुन्हा तेच अंतर्मनवाले.

सुरुवात माझ्या जवळच्या विषयापासून करतो, म्हणजे गिरणीपासून. सुधीर पटवर्धन पुण्यात 1949 साली जन्मले, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर म्हणून त्यांनी अनेक वर्षं काम केलं. मार्क्सवादी विचारातून ते कामगाराच्या चित्राकडं आले. त्यांचं 'इराणी रेस्टॉरंट' 1977 चं, 'ट्रेन' 1980 चं, 'लोअर परळ' 2001 चं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव मोडत गेलं. 'लोअर परळ' हे त्या मोडतोडीच्या काळातलं चित्र. पटवर्धनांचा माणूस अंगापिंडानं जड असतो, थकलेला असतो, पण भिकारी नसतो. त्याच्याकडं बघून कुणी चुकचुकणार नाही. हा मोठा गुण आहे आणि मी तो मोकळ्या मनानं मान्य करतो.

पण आता माझं भांडण. त्या गर्दीत वर्ग दिसतो, जात दिसत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तुटला की तो तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धागा दुसरा कामगार तोंडाला कसा लावणार? विणाईत पगार जास्त. म्हणजे उष्ट्याच्या नावाखाली भाकरी काढून घेतली. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. लाल बावटा खांद्याला खांदा म्हणत होता आणि धोट्याजवळ खांदा वेगळा होत होता. एक धोटा, एक धागा, दोन तोंडं. यापेक्षा मोठं चित्र गिरणीत कुठलं होतं? मी आजवर बघितलेल्या गिरणीच्या चित्रांत ते मला सापडलेलं नाही. पटवर्धन खोटं काढत नाहीत. ते रस्त्याच्या पलीकडून प्रामाणिकपणे बघतात. पण पलीकडून खात्याच्या आतलं दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आतून बघणारा चित्रकार कसा असतो ते चंद्रपूरच्या प्रभाकर पाचपुतेकडं बघून कळतं. 1986 चा जन्म, राजुरा तालुक्यातलं सास्ती हे गाव, घरात पिढ्यान्‌पिढ्या कोळसा खाणीचं काम. खैरागड आणि बडोद्याला शिकला आणि हातात घेतला कोळसाच. भिंतीवर चारकोलनं मोठमोठी माणसं काढतो, डोक्याच्या जागी दिवा असलेली, अर्धी माणूस अर्धी यंत्र. 2012 साली मुंबईत त्याचं पहिलं प्रदर्शन झालं, 'कॅनरी इन अ कोलमाइन'. पूर्वी खाणीत विषारी वायू आहे का बघायला पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. पक्षी आधी मरायचा, मग माणसं पळायची. पाचपुतेला प्रेरणा कुठून मिळाली असं विचारायची गरजच पडत नाही. ज्यानं घरच्यांची फुप्फुसं काळी केली तेच त्यानं रंग म्हणून वापरलं. शिवाय भिंतीवर काढलेलं चित्र प्रदर्शन संपलं की पुसलं जातं. खाणकामगारही असाच पुसला जातो. हे त्यानं वेगळं सांगायची गरज नाही, कोळसाच ते सांगतो.

आता सवी सावरकर. नावावरून घोटाळा करून घेऊ नका. हे सावरकर नागपूरचे, 1961 चा जन्म. ज्या गावात 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो माणसांनी जुना धर्म टाकला, त्या गावात दीक्षेनंतर पाच वर्षांनी जन्मलेले. बडोद्याला मुद्राचित्रण शिकले, पुढं दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवलं. त्यांच्या चित्रांत अस्पृश्य पुन्हा पुन्हा येतो. गळ्यात मडकं, कारण थुंकी जमिनीवर पडता कामा नये. कमरेला झाडू, कारण पावलाचा ठसासुद्धा विटाळ. पेशव्यांच्या पुण्यातला हा नियम बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिसंहार'च्या न झालेल्या भाषणात नोंदवलेला आहे. सवींनी ते वाक्य उचललं आणि त्याला शरीर दिलं. काळी जाड रेषा, ताणलेली मान, ओरडल्यासारखं तोंड.

त्यांच्या ॲसिडच्या कामाबद्दल थोडं बोलतो, कारण आम्हा कामगारांना वस्तू कशी बनते यात रस असतो. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईनं त्यात ओरखडून रेषा काढतात आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवतात. जिथं थर निघालाय तिथं ॲसिड धातू खातं. मग त्या खड्ड्यांत शाई भरून कागदावर दाबायचं. म्हणजे ही रेषा हलक्या हातानं ओढलेली रेषा नव्हे, ती धातूला चावा घेऊन झालेली असते. मडक्याचा माणूस काढायला याहून योग्य रीत कुठली?

तरी एक धोका आहे आणि तो तरुणांनी ओळखला पाहिजे. मडकं-झाडूवाला माणूस बंगल्याच्या दिवाणखान्यात टांगला की तो तिथल्या माणसाला सोयीचा होतो. बघा बाबा, काय दिवस काढले या लोकांनी! दयेचा उमाळा आला की हिशेब चुकता झाल्यासारखं त्याला वाटतं. नुसत्या वेदनेवर पोसलेली कला शेवटी मालकाच्याच कामाला येते. सवी यातून सुटतात, कारण ते मडकं गळ्यात घालणाराही काढतात. मनू काढतात, पुरोहित काढतात, देवाच्या नावानं सोडलेली देवदासी काढतात आणि तिला सोडणारी व्यवस्थाही काढतात. जखम आणि सुरी एकाच कागदावर. असं चित्र दिवाणखान्यात टांगलं तर घरमालकाला जेवण जड जाईल. कसोटी हीच लावा. चित्र बघून वरच्याला कीव येते की अडचण होते?

पुढच्या पिढीत विक्रांत भिसे आहे, 1984 चा, विक्रोळीत वाढलेला. त्याच्या कामात चळवळच उतरते. पँथर, मोर्चे, निळे झेंडे, नामांतर, बाबासाहेब, राबणारे हात. 27 जुलै 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात वस्त्या जळल्या, पोचीराम कांबळे मारले गेले, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. ही सोळा वर्षं शाळेच्या पुस्तकातल्या चित्रांत कुठं आहेत? भिसे जुने फोटो, कात्रणं, आठवणी शोधतो आणि त्यावरून रंगवतो. ज्या समाजाचे कागदपत्र कुणी जपले नाहीत, त्या समाजाचा चित्रकार दप्तरदारही होतो. हे काम मी फार वरचं मानतो. त्याला एकच सांगणं आहे. पँथर 1972 साली जन्माला आली ती भिंतीवरच्या तसबिरीसाठी नव्हे. मोर्चाचं चित्र इतकं देखणं होऊ नये की मोर्चा संपून गेला असं वाटावं.

प्रभाकर कांबळेनं वेगळी वाट धरली. त्यानं माणूस बाजूला ठेवून रचनाच उचलली. त्याच्या कामात मडक्यांची उतरंड येते. 2022 च्या बर्लिन बिएनालेत ती मांडली होती. उतरंड आपल्या घराघरांत होती. मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. सगळ्यात खालच्यावर सगळ्यांचा भार, आणि वरचं हललं तरी खालच्यालाच धक्का. बाबासाहेब ज्याला क्रमिक विषमता म्हणाले ते आपल्या आयांना चुलीजवळ रोज दिसत होतं. कांबळेचं मोठेपण हे, की त्यानं प्रेरणा परक्या देशातून आणली नाही, घरच्या कोपऱ्यातून उचलली आणि परक्या देशात नेऊन उभी केली.

इथंच माझा दुसरा प्रश्न येतो. बर्लिनला उतरंड बघितली गेली. चेंबूरला बघितली का? नागपूरला इंदोऱ्यात? जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून काळा घोड्याला उभी आहे. आत जायला तिकीट नाही, तरी आपल्या वस्तीतला पोरगा दारावरच्या माणसाच्या नजरेला भिऊन फुटपाथवरूनच परत फिरतो. याचा सगळा दोष चित्रकारांवर टाकणार नाही. चित्रकाराला पोट आहे, कॅनव्हासला पैसे पडतात, विकत घेणारा वस्तीत राहत नाही. पण वाट काढता येते. 2008-09 साली पटवर्धनांनीच 'विस्तारणारी क्षितिजे' हे फिरतं प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्राच्या शहरांत नेलं. ज्यांच्याशी मी वर भांडलो त्यांचंच हे काम, आणि ते नोंदवलं पाहिजे. आपण आपल्या चित्रकारांसाठी असं काय केलं?

काय केलं ते सांगतो. आपल्या वस्तीत एक पेंटर असायचा. फोटोवर चौकटी आखायचा, भिंतीवर तशाच मोठ्या चौकटी आखायचा आणि ऑइल पेंटनं बाबासाहेब उभे करायचा. निळा कोट, लाल टाय, हातात पुस्तक. नाक कधी चुकायचं, चष्मा कधी वाकडा व्हायचा. पण ती भिंत आपली होती आणि तो हात आपल्यातला होता. मग फ्लेक्स आला. आता जयंतीला बाबासाहेबांचा चेहरा कोपऱ्यात टिकलीएवढा आणि नगरसेवकाचा चेहरा परातीएवढा. पेंटरचा धंदा बसला. महाराष्ट्रातली सर्वांत मोठी चित्रशाळा ही या बिननावाच्या पेंटरांची होती, आणि ती आपल्याच मंडळांनी आपल्याच वर्गणीनं बंद पाडली. एकही समीक्षक रडला नाही. आपणही नाही.

बाबासाहेब उतारवयात स्वतः कुंचला हातात धरून चित्रकला शिकत होते. एवढ्या कामाच्या रगाड्यात, शरीर साथ देत नसताना. चित्र म्हणजे रिकाम्या माणसाचा चाळा असता तर त्या माणसानं एक मिनिटही त्याला दिलं नसतं.

म्हणून सरळ कामाचं बोलतो. चित्तप्रसाद हा बंगालचा कम्युनिस्ट चित्रकार 1943 चा दुष्काळ पायी फिरून काढत गेला, पुढं मुंबईत अंधेरीला राहिला आणि लिनोकट करत राहिला. लिनोलियमचा तुकडा, कोरायला एक हत्यार, शाई, आणि कागद पाठीमागून घासायला चमचा. यंत्र लागत नाही. एका ठोकळ्यातून शेकडो प्रती निघतात. आपण स्टेन्सिल कापून शाईचा रूळ फिरवतो, त्याचाच हा भाऊ. येत्या जयंतीला एक फ्लेक्स कमी करा आणि त्या पैशात वस्तीतल्या पोरांना लिनो आणून द्या. ज्या पेंटरचा धंदा बसला त्याला मास्तर म्हणून बोलवा आणि त्याच्या हातात मानधन ठेवा. भिसे, कांबळे, पाचपुते, सवी सर यांना पत्र घाला, की आमच्या समाजमंदिरात या, चार चित्रं लावा, आम्ही भांडू तुमच्याशी. 20 मार्चला चवदार तळ्याच्या पाण्याजवळ पोचलेली ओंजळ काढा, 25 डिसेंबरला जळणारी पोथी काढा. आणि कुणाला जमलं तर तो धोटा काढा, तुटलेल्या धाग्यासकट. तो मी माझ्या खोलीच्या भिंतीवर लावीन.