प्रागमधील भिंतीवरची नामावली

प्राग नगरातील योसेफोव ही यहुद्यांची जुनी वस्ती होय. तेथे जाणारा प्रवासी बहुधा एक कथा बरोबर घेऊनच जातो. १६०९ साली निवर्तलेल्या रब्बी लोव ह्यांनी मातीचा पुतळा घडविला, पवित्र अक्षरांच्या बळावर त्यात प्राण घातला आणि त्या गोलेमकरवी आपल्या समाजाचे रक्षण केले, अशी ती कथा. ती मनोहर आहे यात शंका नाही. परंतु रब्बी लोव ह्यांच्याशी तिचा संबंध ग्रंथांतून जोडला गेला तो एकोणिसाव्या शतकात, त्यांच्या मृत्यूला दोनशेहून अधिक वर्षे लोटल्यावर. प्रवासवर्णनकाराला मात्र ती सोयीची पडते. अद्भुताचा रंग आयता मिळतो. जुन्या दफनभूमीतील कललेल्या शिळांपाशी थोडे हळहळले की वर्णन पुरे होते.

वस्तुतः ह्या वस्तीतील सर्वांत वाचनीय लेख पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर आहे. नाझी राजवटीने बळी घेतलेल्या बोहेमिया व मोराव्हिया येथील सुमारे ७८,००० यहुद्यांची नावे वात्स्लाव बोश्तिक व यिर्झी योन ह्या चित्रकारांनी १९५४ ते १९५९ ह्या काळात तेथे रेखली. गावांप्रमाणे विभाग, त्यांत वर्णानुक्रम. नाव, जन्मतारीख आणि ती व्यक्ती हयात असल्याची अखेरची ज्ञात तारीख. पुष्कळदा ही तारीख हद्दपारीचीच असते. विशेषण एकही नाही.

अशा नामावलीला वाङ्मयाच्या कसोट्या लावाव्या काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, करुणरसाला शोकवाचक शब्द लागतातच असे नाही. एका आडनावाखाली वृद्ध, तरुण व बालक ह्यांची अखेरची तारीख एकच आढळली, की उरलेला अर्थ वाचकालाच पुरा करावा लागतो. व्यंजनेचे सामर्थ्य ह्याहून निराळे नसते. उलट, ७८,००० हा आकडा केवळ ऐकून मन बधिर होते; तोच आकडा नावानावाने वाचू लागल्यास संपता संपत नाही.

तथापि नामावलीला एक मर्यादा आहे. ती मृत्यू सांगते, जगणे सांगत नाही. ही उणीव वरच्या मजल्यावरील चित्रे काही अंशी भरून काढतात. तेरेझिनच्या बंदिवासात फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ह्या चित्रकर्तीने मुलांना शिकविले. त्या मुलांच्या हातची ही चित्रे. १९४४ च्या ऑक्टोबरात त्या स्वतः आउशविट्झ येथे मारल्या गेल्या. खालची नावे वाचून वर जाणाऱ्यास ती चित्रे निव्वळ बालकला म्हणून पाहताच येत नाहीत.

ह्या लेखनाचे पुढे काय झाले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. जमिनीतील पाण्याची ओल चढल्यामुळे १९६८ साली सिनेगॉग बंद झाले. नंतरच्या दीर्घकाळ रेंगाळलेल्या दुरुस्तीत भिंतींवरील अक्षरे नाहीशी झाली. कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतर, १९९२ ते १९९६ ह्या काळात, ती सर्व नावे पुन्हा हाताने लिहिण्यात आली.

गोलेमच्या कथेच्या काही पाठांत कपाळावरचे अक्षर पुसताच तो निष्प्राण होतो. भिंतीवरच्या नावांचेही तसेच होऊ शकले असते. ते झाले नाही, ह्याचे श्रेय पुन्हा लेखणी धरणाऱ्यांना आहे. तेव्हा प्रागविषयी लिहिणाऱ्याने गोलेमची कथा अवश्य सांगावी. मात्र तत्पूर्वी त्या भिंतीवरील निदान एका गावाची नावे त्याने अथपासून इतिपर्यंत वाचलेली असावीत, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.