किनारी तरंग आणि उपग्रहीय समुद्रपातळी : एक चिकित्सा

भारताच्या पश्चिम किनाऱ्याविषयी लिहिताना उपग्रहाने मोजलेल्या समुद्रपातळीचा आधार घेण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. वऱ्हाडातील वाचकास हा विषय दूरचा वाटेल (समुद्रकाठचे कारंजा उरण तालुक्यातले, आपले नव्हे). परंतु मोजमापाची मर्यादा न सांगता निष्कर्ष मांडण्याचा दोष सर्वच विद्याशाखांत आढळतो.

येथे तरंग म्हणजे किनाऱ्यावर फुटणारी लाट नव्हे. बंगालच्या उपसागरावरील वाऱ्यांमुळे उठलेला केल्विन तरंग श्रीलंकेला वळसा घालून, किनारा उजवीकडे ठेवीत, केरळ, गोवा, कोकण असा उत्तरेकडे सरकतो. म्हणून रत्नागिरीची समुद्रपातळी केवळ तेथील वाऱ्यावर ठरत नाही. ही दृष्टी रुजविण्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये, डी. शंकर आदींचा वाटा मोठा आहे.

अडचण अशी की हा तरंग किनाऱ्यापाशीच सर्वाधिक उंच असतो आणि थोड्याच अंतरावर विरत जातो. नेमक्या त्याच पट्ट्यात रडारच्या प्रतिध्वनीत जमिनीचा अंश मिसळतो. हवेतील बाष्पाची दुरुस्ती करणारा रेडिओमीटरही तेथे फसतो, आणि पावसाळी हवेत ही दुरुस्ती काही दशक सेंटिमीटरांची असते. शिवाय तरंगाचा वेग सेकंदाला २.५ मीटर धरल्यास तो दिवसाला २१६ किलोमीटर जातो. १९९२ च्या टोपेक्स-पोसायडनपासून चालत आलेल्या कक्षेत उपग्रह त्याच रेषेवर सुमारे १० दिवसांनी परततो. तेवढ्यात तरंगाने सारा पश्चिम किनारा ओलांडलेला असतो. ऋतूंचे आणि महिना-दोन महिन्यांचे चढउतार यातून उमगतात. चार-पाच दिवसांचे निसटतात. तरीही किनाऱ्यापर्यंत रंगविलेले जाळीबद्ध नकाशे प्रत्यक्ष निरीक्षण म्हणून उद्धृत होतात. वस्तुतः त्यांतील बराच भाग गणिताने भरलेला असतो.

इस्रो आणि फ्रान्सच्या अवकाशसंस्थेने २५ फेब्रुवारी २०१३ रोजी सोडलेल्या 'सरल' उपग्रहाने यावर अंशतः उपाय केला. त्याच्या केए पट्ट्यातील रडारचा ठसा लहान असल्याने किनाऱ्याच्या अधिक जवळचे मोजमाप साधले. मात्र हाच पट्टा पावसात क्षीण होतो, हे कोकणाच्या संदर्भात विसरून चालत नाही. डिसेंबर २०२२ मधील 'स्वॉट'ने १२० किलोमीटर रुंदीचा पट्टा दाखविला, पण त्याची नेहमीची फेरी २१ दिवसांची आहे.

मुंबईच्या अपोलो बंदरातील भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची. ती एकाच ठिकाणची, पण उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमधील दिवसांचा हिशेब तीच देते. उपग्रहाचा नकाशा छापणाऱ्या अभ्यासकाने तिच्याशी तुलना केल्याचा आलेखही शेजारी द्यावा, एवढीच अपेक्षा आहे.