तक्त्यातला हृदयालेख

हृदयालेखाचा, म्हणजे ईसीजीचा, वर्गात टांगला जाणारा तक्ता बहुधा देखणा असतो: पी, क्यूआरएस आणि टी या लहरी, शेजारी 'निरोगी' व 'विकारी' अशी दोन चित्रे. त्याचा दोष हाच, की एक आकृती म्हणजे एक रोग, असा समज मुलांच्या मनात रुजतो. आलेख हृदयातील विजेची हालचाल दाखवतो. ती का बिघडली, हे तो एकटा सांगत नाही.

सोलापूरच्या माळरानावर विंचू चावणे नवे नाही. लाल विंचवाच्या विषाने धडधाकट तरुणाच्या आलेखातही हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल दिसू शकतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाची हृदयावरील लक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. मूत्रपिंडे निकामी होऊन रक्तातील पोटॅशियम वाढले, की टी लहर उंच व टोकदार होऊ शकते. उलट, धावपटूचे मिनिटाला ५० ठोके निरोगीपणाचेही असतात. दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तरी काही लहरी उलट्या उमटतात!

आणि छातीत दुखत असताना पहिला आलेख निर्दोष आला म्हणून घरी परतणे जिवावर बेतू शकते. तक्ता जरूर टांगावा; पण त्याखाली एक प्रश्न लिहावा: हा आलेख कोणाचा, आणि त्याआधी काय घडले?